संगणकाची घरघर आणि तिचे शमन

बंगळूर शहराचे नाव आज संगणकाशी जोडले गेले आहे; परंतु ध्वनीच्या अभ्यासाशी त्याचे नाते त्याहून जुने आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे 1933 साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. पुढील वर्षी त्यांनी त्याच शहरात भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात भारतीय चर्मवाद्यांवर निबंध लिहिला. वाद्यातून हवासा ध्वनी कसा निघतो हे सांगणारे शास्त्रच यंत्रातून नकोसा ध्वनी का निघतो हेही सांगते. टेबलावरील संगणकाच्या हार्ड डिस्कची घरघर हे त्याचे सोपे उदाहरण होय.

ध्वनीचा उगम

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात. एका मिनिटास 7,200 फेरे हा वेग धरल्यास सेकंदास 120 फेरे होतात. तबकड्यांचा तोल कितीही काळजीपूर्वक साधला, तरी अत्यल्प असमतोल राहतोच. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याबरोबर डिस्कला एक सूक्ष्म हिसका बसतो आणि 120 हर्ट्झ वारंवारतेचे कंपन निर्माण होते. माहिती वाचणारी व लिहिणारी भुजा इकडून तिकडे झेपावून एकदम थांबते. तिच्यामुळे टकटक किंवा करकर ऐकू येते. जुन्या डिस्कमधील पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचा कर्कश सूर मात्र, तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंगे आल्यापासून, पुष्कळच नाहीसा झाला आहे.

भोपळा आणि पत्रा

एवढीशी डिस्क सारी खोली भरेल असा आवाज कसा करते? याचे उत्तर मिरजेच्या तंबोऱ्यात सापडते. नुसती ताणलेली तार छेडली, तर तिचा स्वर जेमतेम ऐकू येतो. कारण बारीक तार फारच थोडी हवा हलवते. तीच तार घोडीवरून तबलीला व भोपळ्याला जोडली म्हणजे त्यांचे मोठे पृष्ठभाग हवेला ढकलू लागतात आणि स्वर भरदार होतो. शाळेतील नादकाट्याने याची प्रचीती घेता येते. काटा वाजवून हवेत धरावा व नंतर त्याची दांडी टेबलावर टेकवावी. आवाज तत्काळ वाढतो.

संगणकात डिस्क ही तार आणि पेटीचा पत्रा हा भोपळा. डिस्क स्क्रूंनी पत्र्याला घट्ट आवळलेली असते व पेटी पोकळ टेबलावर ठेवलेली असते. पत्र्याची स्वाभाविक वारंवारता डिस्कच्या कंपनाशी जुळली, तर अनुस्पंदन होऊन घरघर आणखी वाढते. म्हणून येथे वाद्यकाराच्या उलट वागावे लागते: तो जे जोडतो, ते आपण तोडावयाचे.

उपाय

डिस्क व पत्रा यांच्यामध्ये मऊ रबराचे वॉशर बसवावेत. स्क्रूचा धातू पत्र्याला कोठेही टेकता कामा नये. नाहीतर कंपनाला तीच वाट मिळते. रबर पुरेसे मऊ असणेही अवश्य आहे. रबरावर ठेवलेल्या डिस्कची स्वाभाविक वारंवारता सुमारे 85 हर्ट्झच्या खाली असेल, तरच 120 हर्ट्झचे कंपन अडते. ती 30 हर्ट्झवर आणली, तर तत्त्वतः कंपनाचा केवळ पंधरावा भाग पत्र्यापर्यंत पोहोचतो. कठीण रबराने मात्र लाभ होत नाही. उलट कंपन वाढण्याचा संभव असतो. डिस्कच्या तारा सैल सोडाव्यात, पेटीची झाकणे नीट आवळावीत आणि पेटीखाली रबरी पाय लावावेत. ही सर्व कामे वीज बंद करूनच करावीत.

डिस्क स्पंजात गुंडाळणे मात्र अहितकारक आहे. चालू डिस्क तापते व ती उष्णता बाहेर जावी लागते. तसेच हेलियम वायूने भरलेल्या डिस्क वगळता इतरांच्या कवचावर आतील व बाहेरील हवेचा दाब समान राखणारे सूक्ष्म छिद्र असते. ते कधीही बुजवू नये.

आवाज हीच सूचना

शमनापूर्वी आवाज लक्षपूर्वक ऐकावा. नित्याची गुणगुण निरुपद्रवी असते. परंतु डिस्क एकाएकी ठरावीक अंतराने खटखटू लागली अथवा खरखरू लागली, तर ती बिघाडाची सूचना असू शकते. अशा वेळी रबर शोधत बसण्याऐवजी ग्रंथालयाची सूची, विद्यार्थ्यांच्या नोंदी, घरची छायाचित्रे यांची प्रत प्रथम दुसरीकडे करून घ्यावी. डिस्क नवी मिळते; तिच्यावरील माहिती मिळेलच असे नाही.

ध्वनीचे मूळच काढून टाकणारा मार्गही आहे. बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने घडलेला आणि 2001 साली लोकांपुढे आलेला सिंप्युटर हा हातात मावणारा संगणक फिरत्या डिस्कविना, फ्लॅश स्मृतीवर चाले. आज अनेक संगणकांत अशाच स्थिर स्मृतीची साधने असतात व ती जवळजवळ निःशब्द असतात. तथापि विपुल माहिती अल्प खर्चात साठविण्यासाठी फिरत्या तबकड्या अद्याप वापरात आहेत, आणि जेथे त्या आहेत तेथे चार मऊ वॉशर आणि सावध कान यांचे मोल कायम आहे.