चुंबकातून वीज मिळते, पण फुकट नाही

गणेशपुरीच्या कुंडात पाय टाकला की आधी चटका बसतो, मग अंगभर ऊब पसरते. तानसा नदीच्या काठाने अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी गरम पाण्याची कुंडे आहेत. खोलवर मुरलेले पाणी भूगर्भात तापते आणि खडकांच्या भेगांतून वर येते. इथून भिवंडीकडे निघाले की यंत्रमागांची खटखट सुरू होते. प्रत्येक मागामागे मोटर, मोटरीत तांब्याचे वेटोळे आणि चुंबकीय क्षेत्र. वीज देऊन चुंबकाकडून माग चालवता येतो, मग चुंबकाकडूनच वीज का घेऊ नये?

ती आपण घेतोच. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवला तेव्हा तारेतून प्रवाह वाहिला. चुंबक थांबला, प्रवाहही थांबला. वीज मिळाली ती सरकवण्यामुळे. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, ती घाटावरून कोसळणाऱ्या पाण्याने जनित्र फिरवून. कोयनेतही तेच.

जुन्या सायकलला डायनॅमो असे, तो आठवा. टायरला टेकवून दिवा लावला की पायडल लगेच जड व्हायचे. तो जडपणा म्हणजेच दिव्याच्या उजेडाची किंमत. असा निर्माण होणारा प्रवाह नेहमी चुंबकाच्या हालचालीला विरोध करतो, हा नियम लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला.

चुंबकांचे चाक आपोआप कायम फिरत राहील, हा दावा मात्र टिकत नाही. चुंबक जवळ येताना जेवढी ऊर्जा देतो, तेवढीच सुटताना परत मागतो. उरलेला वेग घर्षण खाते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच अशा अखंडगती यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले. आजच्या सर्वांत जोरकस निओडिमियम चुंबकाच्या एक घन सेंटिमीटर तुकड्याच्या क्षेत्रात अर्ध्या ज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा असते. तेवढ्यात एक किलोचे वजन पाच सेंटिमीटरही उचलले जाणार नाही.

म्हणून मला चुंबकापेक्षा कुंडाचे पाणी महत्त्वाचे वाटते. जनित्र फिरवायला उष्णताही चालते. अलास्कातील चेना येथे २००६ पासून जेमतेम ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते: कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाची वाफ टर्बाइन फिरवते. पण तिथे वाफ थंड करायला गारठलेले पाणी हाताशी आहे. गणेशपुरीचे पाणी साधारण ५० अंशांचे. थंड बाजू २५ अंश धरली, तर आदर्श यंत्रही त्या उष्णतेपैकी ८ टक्क्यांहून कमी भागाची वीज करू शकेल, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. खोलवर पाणी किती तापलेले आहे आणि मिनिटाला किती लिटर मिळेल, हे आधी मोजावे लागेल; तेही रोज स्नानाला येणाऱ्यांच्या कुंडाची धार न तोडता.