सोनचाफा लावताना



आपल्या अंगणासाठी असो की पाड्यावरील कुटुंबाला भेट म्हणून, सोनचाफा सर्वांनाच आवडतो. मॅग्नोलियाच्या कुळातले हे झाड घेताना एक प्रश्न आधी विचारावा: रोप बियांचे की कलमाचे? बियांचे रोप स्वस्त, पण ते फुलायला सात-आठ वर्षे लागू शकतात. कलम एक-दोन वर्षांत फुलते. वसईच्या बागांतली फुले दादरच्या बाजारात जातात. पाड्यावरच्या घरालाही दोन-चार झाडांच्या फुलांतून मीठमिरचीचे पैसे सुटू शकतात. त्या घराने सात वर्षे वाट कशी पाहावी? म्हणून द्यायचे तर कलमच द्यावे.

पाऊस स्थिरावल्यावर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा माती व कुजलेल्या शेणखताने जमिनीपेक्षा थोडा उंच भरून कलम लावावे. मुळे मांसल असल्याने पाणी साचले की कुजतात. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा व त्याखालचे धुमारे काढत राहावे, नाहीतर खुंटच वाढतो. पहिले दोन उन्हाळे पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन हवेच. शेंडा खुडल्यास झाड ठेंगणे राहून फुले हाताशी येतात. ती पहाटे, पुरती उमलण्याआधी तोडावीत.

अंजिराच्या झाडाच्या दाखल्यातील माळ्याने भोवती खणून खत घालण्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतले होते. आपणही कलम देऊन थांबू नये. उन्हाळ्यात एकदा पाड्यावर जाऊन ते पाहून यावे.