थंडी खाली का उतरते?

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दोन शिक्षक सातवी-आठवीच्या पंधरा मुलामुलींना घेऊन सेवाग्रामहून सायकलींवर बोरधरणाला निघालो. पवनार, सेलू, हिंगणी असा रस्ता; अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. सोबत पंक्चरचे सामान, हवेचा पंप, प्रत्येकाचे घोंगडे आणि प्रयोगशाळेतले दोन तापमापक. तापमापक खरे तर मिरवायलाच घेतले होते. उपयोगी पडले ते तेच.

वाटेत मुलांच्या एक गोष्ट लक्षात आली. सायकल चालू असताना गार वाटते, थांबली की घामाच्या धारा लागतात. घाम दोन्ही वेळा येतोच, पण चालत्या सायकलीवर तो वाऱ्याने लगेच वाळतो. हे मुलांनीच शोधून काढले म्हणून आम्ही खूश झालो, आणि त्याचा पुढचा अर्थ विसरून गेलो.

बोर अभयारण्य १९७० सालचे, आणि २०१४ पासून ते व्याघ्रप्रकल्प आहे. तेव्हा पाण्याकाठी जंगलात तंबू ठोकण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी जलाशय डोळे भरून पाहिला आणि वस्तीलगतच्या एका शेतात, मालकाला विचारून, मुक्काम केला. शेत एका अंगाला नाल्याकडे उतरत होते. त्या खोलगट भागात वारा लागत नव्हता, म्हणून तंबू तिथेच ठोकले. खिचडी शिजत असताना चुलीचा धूर थोडा वर जाई आणि मग चादरीसारखा आडवा पसरे. दृश्य सुंदर होते. आम्ही ते नुसतेच पाहिले.

रात्री दोनच्या सुमारास सातवीतल्या एका मुलाचे दात वाजू लागले. हात गार पडलेले, बोलणे अडखळत होते. दिवसभर सायकल चालवून घामाने भिजलेला सुती सदरा अंगात तसाच ठेवून तो झोपला होता. सदरा बदलला, कोरडे कपडे घातले, दोघांच्या मध्ये निजवले, गरम गूळपाणी पाजले. अर्ध्या तासाने हुडहुडी थांबली. तोवर आमचे धाबे दणाणले होते.

हिशेब पाहा. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. कपड्यात १०० ग्रॅम घाम असेल, तर तो वाळायला २४० किलोज्यूल. ही उष्णता बरीचशी अंगातूनच जाते. ३५ किलोच्या मुलाचे सारे शरीर एका अंशाने थंड व्हायला साधारण १२० किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे शरीराने भरपाई केली नाही, तर दोन अंशांचा घाटा! हुडहुडी ही ती भरपाईच असते. स्नायू आखडून-सैलावून उष्णता तयार करतात.

सरपण आणायला वर बांधावर गेलेले आमचे सहकारी परत येऊन म्हणाले, ‘‘वर थंडी कमी आहे.’’ जागी झालेली मुले तापमापक घेऊन धावली. खाली ९ अंश, पाच-सहा मीटर वर बांधाशी १२. एका मुलीने तापमापकांची अदलाबदल करून पुन्हा पाहिले, कारण ‘‘एखांदा बिघडला असन तं?’’ फरक तेवढाच आला. आम्ही तंबू उचलून सगळ्यांना वर नेले.

घडले होते ते असे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने सोडते आणि झपाट्याने थंड होते. तिला टेकलेली हवा थंड, म्हणून जड होते आणि पाण्यासारखीच उताराने वाहत खोलगट जागी साचते. वर उबदार हवा, खाली गार, अशी उलटी उतरंड झाली की धूरही वर चढू शकत नाही. संध्याकाळी तो आडवा पसरत होता तेव्हाच हे ओळखायला हवे होते. वर्गात ‘तापमानाची विपरीतता’ शिकवणारे आम्हीच!

पहाटे जलाशयाकडे गेलो, तर पाण्यावरून वाफा निघत होत्या. ‘‘सर, पाणी तं तापलं नाही, मंग वाफ कायची निघून राहिली?’’ हात बुडवा म्हटले. पाणी हवेपेक्षा कोमट होते. पाण्याची उष्णताधारकता कोरड्या मातीच्या चार-पाचपट. शिवाय पृष्ठभागावरचे पाणी गार झाले की बुडी मारते आणि खालचे उबदार पाणी वर येते. जमिनीचा मात्र वरचा वीतभर थरच या व्यवहारात भाग घेतो. एक घनमीटर पाणी एका अंशाने निवले, तर तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एका अंशाने तापेल. अशा कोमट पाण्यावरची दमट हवा वरच्या गार हवेत मिसळली की तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. दिसतात ते हे थेंब. वाफ स्वतः दिसत नाही.

हे वर्गातही करून पाहता येते. दोन सारख्या डब्यांत समान वजनाचे पाणी आणि कोरडी काळी माती घ्या, दोन तास उन्हात ठेवा, मग सावलीत आणून दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. मातीत तापमापक किती खोल खुपसला तेही लिहायला सांगा, नाहीतर गटागटांत भांडणे होतात. आमच्याकडे झाली.

ऊन वर आले तसे धुके विरले. हुडहुडी भरलेला मुलगा परतीच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे होता. दुसरा सदरा पिशवीत आहे ना, हे मात्र त्याने सेलूला थांबून दोनदा तपासले.