आधी अजिंठा, मग पडदा: अद्भुत चित्रपट आणि त्यांचे भन्नाट प्रेक्षक

पांढराशुभ्र घोडा आकाशात झेपावतो. खाली राक्षसिणींचं बेट. मग बदला घ्यायला हत्ती-घोडे भरलेल्या नौका समुद्र कापत निघतात. शेकडो कोटी ओतून काढलेल्या एखाद्या चित्रपटाचा हा ट्रेलर वाटेल. प्रत्यक्षात हा खेळ छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेणीत, दीड हजार वर्षांपासून चालू आहे.

डोळे दिपवणाऱ्या कल्पनारम्य चित्रपटात निम्मी जादू पडद्यावर असते आणि निम्मी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनात. ही दुसरी निम्मी जादू मराठी मुलखात कशी कशी रंगली, त्याचे हे किस्से.

1. मागे वळलात की संपलात

17 नंबरच्या लेणीत शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर सिंहल या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. पाचशे व्यापाऱ्यांचं गलबत फुटतं, ते एका बेटाला लागतात आणि तिथल्या देखण्या बायका त्यांचं आगतस्वागत करतात. बायका निघतात नरभक्षक राक्षसिणी. सुटका करायला येतो उडणारा घोडा. त्याची अट एकच, मागे वळून पाहायचं नाही. बहुतेक जण वळतात आणि राक्षसिणींच्या तोंडी जातात. प्रेम, दगा, थरार, शेवटी लढाई. पटकथेत कशाचीही कमतरता नाही. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या या चित्रकारांनी भिंतीवर चिखल-भुशाचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा हात फिरवला आणि मग रंग भरले. अजिंठ्यातला तो खोल निळा लाजवर्द दगडाचा आहे, थेट अफगाणिस्तानातून आलेला!

2. पाहिलं ते पायांत उतरलं

1819 मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि जगभरातून प्रेक्षकांची रांग लागली. चित्रकार रॉबर्ट गिल 1844 मध्ये चित्रांच्या नकला करायला आला. त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे नामवंत रशियन नर्तिका ॲना पावलोवाने ही चित्रं पाहिली आणि 1923 मध्ये लंडनच्या रंगमंचावर अजिंठ्यावर बेतलेला बॅले सादर केला. एखादं दृश्य आवडल्याची याहून मोठी पावती कोणती?

3. अप्सरेचा पोशाख अजिंठ्याचा

1966 च्या ‘आम्रपाली’साठी वेशभूषाकार भानु अथैया यांनी अजिंठ्याची चित्रं निरखून पाहिली आणि वैजयंतीमालाचे पोशाख त्यावरून घडवले. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही, पोशाख मात्र लोकांच्या मनात घर करून राहिले. आजही अप्सरा किंवा राजनर्तकी म्हटलं की डोळ्यांपुढे तोच थाट येतो. याच भानुताईंनी पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवलं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणजे आपली कोल्हापूरची लेक.

4. प्रोफेसर केळफा!

फाळके हे आडनाव उलटं वाचा: केळफा. चित्रपट काढण्याआधी दादासाहेब फाळके याच नावाने जादूचे प्रयोग करत. त्यांच्या चित्रपटांत देव प्रकट होतात, माणसं अदृश्य होतात, त्याचं मूळ या हातचलाखीत आहे. पैसे उभे करायची त्यांची युक्तीही जादूगारालाच शोभेल अशी. कुंडीत बी पेरलं, रोपाची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली आणि सलग दाखवली. डोळ्यांदेखत कोंब फुटून वेल वाढताना पाहून ओळखीचे लोक थक्क झाले आणि भांडवलाचा मार्ग खुला झाला.

5. फक्त तीन आण्यांत दोन मैल

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मुंबईने उचलून धरला, पण सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. प्रेक्षकांची तक्रार सरळ होती: नाटक तासन्‌तास चालतं, तेवढ्याच पैशात हा खेळ चटकन संपतो. फाळक्यांनी जाहिरातच बदलली. 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे! लांबीचा हिशेब कानावर पडताच लोक आले.

6. राम दिसताच चपला बाहेर

1917 चा ‘लंका दहन’ म्हणजे त्या काळचा महाचित्रपट. हनुमान उड्डाण करताना ढगांत लहान लहान होत जातो आणि लंका धडाडून पेटते. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतल्या चपला काढून हात जोडत. गंमत म्हणजे त्यात राम आणि सीता दोन्ही एकच माणूस: अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी असलेल्या साळुंक्यांना फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं होतं. भारतीय चित्रपटातली पहिली दुहेरी भूमिका ही त्यांचीच मानली जाते. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत. मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागल्याचं सांगतात.

7. आधी मंदाकिनी, मग कृष्ण

1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची चिमुकली लेक मंदाकिनी. चित्रपटाच्या सुरुवातीला ती मुलगी म्हणूनच समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. जादूगाराने आपलं गुपित आधी उघड करावं आणि तरीही लोकांनी भक्तिभावाने पाहावं, हे विलक्षण आहे. त्या प्रेक्षकांना भोळं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. समोर फाळक्यांची मुलगी आहे हे ठाऊक असूनही ते कृष्णासाठी हात जोडत होते. चित्रपटाचा बराचसा भाग आजही शाबूत आहे.

8. कीचकाला कात्री

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा उतरला की थिएटरात थरकाप उडाला आणि अखेर त्या दृश्यावर कात्री चालली. 1920 मध्ये पुण्यात हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळक खूश झाले आणि त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. रसिक असावा तर असा!

9. राणीच्या शेजारी चित्ता

प्रभातचा 1932 चा ‘माया मच्छिंद्र’ हा खराखुरा कल्पनारम्य बोलपट. बायकांचं राज्य, मायावी प्रसंग, नाथपंथी चमत्कार आणि राणी किलोतलेच्या वेशातल्या दुर्गा खोटे. राणीचा पाळीव प्राणी मांजर नाही, चित्ता! दोनच वर्षांनी आलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये व्ही. शांतारामांनी राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. राजगुरू झालेल्या चंद्रमोहनच्या त्या घाऱ्या डोळ्यांची दहशत लोक कैक वर्षं विसरले नाहीत. या चित्रपटाने मुंबईत रौप्यमहोत्सव गाठला.

10. देव्हाऱ्यातले पागनीस

1936 चा ‘संत तुकाराम’ संतपट खरा, पण त्यातल्या चमत्कारांची मांडणी पाहा. शत्रू शिवरायांना पकडायला कीर्तनात घुसतो, तर समोर बसलेला प्रत्येक जण त्याला शिवाजी दिसतो. शेवटी पुष्पक विमान येतं. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट मुंबईत 57 आठवडे चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस लोकांना इतके पटले की पुढे घरोघरच्या तसबिरींत तुकोबांना त्यांचाच चेहरा आला. आपल्या घरातली तसबीर एकदा नीट निरखून बघा!

11. पडद्यावर नाण्यांचा पाऊस

1975 मध्ये ‘शोले’च्या तोडीस तोड गाजला तो अगदी कमी खर्चात काढलेला ‘जय संतोषी माँ’. लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, आरती सुरू झाली की पडद्यावर फुलं आणि नाणी उधळत. देवी साकारणाऱ्या अनिता गुहा समोर दिसल्या की लोक आशीर्वाद मागत.

12. बाटलीतला लक्ष्या, बाहुलीतला तात्या

महेश कोठारेंनी 1990 च्या ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीत मावेल एवढा लक्ष्मीकांत बेर्डे दाखवला आणि मराठीला पहिला सिनेमास्कोप दिला. 1993 च्या ‘झपाटलेला’त रामदास पाध्यांच्या बाहुल्याने तात्या विंचू होऊन अख्ख्या पिढीची झोप उडवली. 2013 मध्ये तोच तात्या थ्रीडीत परतला.

13. सहा वर्षांनी भरलेलं थिएटर

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 12 ऑक्टोबर 2018 ला आला. नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा, सरदारांचे वाडे, खराखुरा पाऊस आणि हस्तर नावाचा लोभी देव. कोकणातला हा पाऊस खरा मिळावा म्हणून चित्रीकरण कित्येक पावसाळे चाललं. पांडुरंग झालेला मोहम्मद समद हा पोरगाच त्यातली भयानक म्हातारीही झाला आहे. सुरुवातीला गर्दी बेताचीच होती. मग पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगायला सुरुवात केली. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. एवढी मोठी जाहिरात कुठल्याही कंपनीला जमली नसती. ती प्रेक्षकांनी केली.

14. पद्मपाणि आणि सुवर्ण कैलास

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे संभाजीनगरचा हिवाळा चित्रपटांचा होतो. प्रोझोन मॉलमधल्या आयनॉक्सच्या पडद्यांवर देशोदेशीचे चित्रपट लागतात आणि मराठवाड्यातली कॉलेजची मुलं रांगा लावतात. इथल्या जीवनगौरवाचं नाव पद्मपाणि, अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेणीतल्या बोधिसत्त्वावरून. 2024 मध्ये तो जावेद अख्तर यांना आणि 2025 मध्ये सई परांजपे यांना मिळाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाला सुवर्ण कैलास मिळतो. एका डोंगरातून, वरून खाली कोरत आणलेल्या वेरूळच्या कैलास मंदिराहून साजेसं नाव भव्य दृश्यांच्या सन्मानाला सापडलं नसतं.

फाळक्यांपासून ‘तुंबाड’पर्यंत एक गोष्ट पक्की दिसते. पैसा आणि तंत्र डोळे दिपवतात, पण चित्रपट जगवतो तो थक्क व्हायला तयार असलेला प्रेक्षक. म्हणून पुढचा भव्य चित्रपट मोबाइलवर उरकू नका. तिकीट काढा, अंधारात चार अनोळखी माणसांसोबत बसा आणि मनापासून टाळ्या वाजवा. त्याआधी 17 नंबरच्या लेणीतली ती भिंत बघून या. फ्लॅश बंद ठेवा, चित्रांना हात लावू नका. आणि हो, वार बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.