विश्लेषण : रक्तात अमिनो आम्ल वाढले म्हणजे आजार झाला का? निदानाच्या कोडमध्ये हा फरक कसा नोंदवतात?

रक्ततपासणीच्या अहवालात होमोसिस्टीन या अमिनो आम्लापुढे २८ हा आकडा आणि शेजारी ‘जास्त’ असा शेरा आहे. साधारण १५ पर्यंतचे प्रमाण सामान्य मानले जाते. मग या व्यक्तीला कोणता आजार आहे? डॉक्टर म्हणतात, ‘आणखी तपासण्या करू, मग सांगू.’ पण रुग्णालयाच्या नोंदीत आणि विम्याच्या अर्जात निदानाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तिथे चुकीचा कोड पडला, तर व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी सुधारणारी बाब जन्मजात आजार म्हणून नोंदली जाऊ शकते.

निदानाचा कोड म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची एक यादी केली आहे. तिला आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण किंवा ‘आयसीडी’ म्हणतात. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. भारतात आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जातही याच आवृत्तीचा कोड विचारला जातो. अमेरिकेने तिच्यावरून अधिक तपशीलवार ‘आयसीडी-१०-सीएम’ तयार केली. ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे.

कोडचे पहिले अक्षर महत्त्वाचे असते. ‘ई’ने सुरू होणारे कोड ग्रंथी, पोषण आणि चयापचयाच्या आजारांचे असतात. ‘आर’ने सुरू होणारे कोड लक्षणांचे आणि तपासणीत आढळलेल्या विकृतींचे असतात. थोडक्यात, ‘ई’ म्हणजे आजार ठरला आणि ‘आर’ म्हणजे काहीतरी आढळले, कारण अजून ठरलेले नाही.

अमिनो आम्लांचे प्रमाण का बिघडते?

प्रथिने अमिनो आम्लांपासून बनतात. या आम्लांचे रूपांतर करण्यासाठी शरीरात विकरे म्हणजे एन्झाइम्स असतात. एखादे विकर जन्मतःच सदोष असेल, तर संबंधित आम्ल रक्तात साचते. फिनाइलकीटोन्युरियात (ई७०.०) फिनाइलॲलनिन साचते आणि वेळीच आहार बदलला नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. होमोसिस्टिन्युरिया (ई७२.११) हाही असाच दुर्मीळ, आनुवंशिक आजार आहे.

मात्र प्रत्येक वाढीमागे असा दोष नसतो. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, मूत्रपिंडाचे मंदावलेले काम, थायरॉइडची कमतरता आणि काही औषधे यांमुळेही होमोसिस्टीन वाढते. रक्ताचा नमुना वेळेत वेगळा न करता तसाच ठेवला, तरी आकडा वाढलेला दिसतो.

आर७९.८३ हा कोड कशासाठी?

हा फरक नोंदवण्यासाठी अमेरिकी यादीत १ ऑक्टोबर २०२१ पासून आर७९.८३ हा कोड आला. त्याचा अर्थ ‘रक्तातील अमिनो आम्लाच्या पातळीत आढळलेली विकृती’ असा आहे. रक्तात होमोसिस्टीन वाढलेले असणे याच कोडखाली येते. त्याला एक अट जोडलेली आहे. ई७० ते ई७२ या गटातील आजाराचे निदान झाले असेल, तर आर७९.८३ वापरायचा नाही. आजार ठरल्यावर ‘काहीतरी आढळले’ हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. बी-१२ची कमतरता सिद्ध झाली, तर तिच्यासाठी ई५३.८ हा कोड आहे.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन केलेल्या चाचणीत चयापचयाच्या आजाराची शंका आली, तर त्यासाठी पी०९.१ हा वेगळा कोड आहे. तोही त्याच दिवशी लागू झाला. ही चाचणी केवळ चाळणी असते. तिच्यात अडकलेल्या अनेक बाळांना पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही.

कोड कोण ठरवतो?

अहवालातील आकडा पाहून कोडरने स्वतः निदान करायचे नसते. त्या आकड्याला वैद्यकीय महत्त्व आहे की नाही, हे डॉक्टरांनी नोंदवावे लागते. अमेरिकेतील बाह्यरुग्ण विभागासाठीचा नियम आणखी स्पष्ट आहे. ‘शक्यता’ किंवा ‘संशय’ असे लिहिले असेल, तर तो आजार झाल्याचा कोड द्यायचा नाही. लक्षण किंवा तपासणीतील विकृती नोंदवायची.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे?

पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुष त्यात होते. त्यांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आणि ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त आढळले. एवढ्या लोकांना दुर्मीळ आनुवंशिक आजार असणे शक्यच नाही. भारतात वापरल्या जाणाऱ्या मूळ आयसीडी-१० मध्ये आर७९.८३ इतका नेमका कोड नाही. तिथे आर७९.८ हा रक्तातील इतर विकृतींचा सर्वसाधारण कोड आहे.

त्यामुळे डिस्चार्ज कार्ड किंवा दाव्याचा अर्ज हाती आला, की निदानापुढच्या कोडचे पहिले अक्षर पाहून घ्यावे. तपासण्या अजून चालू असताना तिथे ‘ई’ दिसला, तर तो कशावरून दिला हे डॉक्टरांना विचारावे आणि चूक असल्यास तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी. पुढच्या विमा अर्जात ‘आधीपासूनचा आजार’ कोणता, हे याच कागदावरून पाहिले जाते.