सोमवारची पोटदुखी

भोपाळमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. इतक्या वर्षांत ऋतूंबरोबर येणारे आजार ओळखीचे होतात. पावसाळ्यात जुलाब-उलट्या, हिवाळ्यात खोकला आणि दमा. एक दुखणे मात्र ऋतूंना जुमानत नाही. ते शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येते. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात, बहुधा सोमवारी सकाळी, गणवेशातील बालरुग्ण दवाखान्यात दिसू लागले की कारण विचारावे लागत नाही.

त्यांतला एक मुलगा मी विसरू शकलेले नाही. २००४ साल असावे. वय आठ वर्षे, इयत्ता तिसरी. पोट बेंबीभोवती दुखते, अशी तक्रार. वजन-उंची उत्तम, पोट मऊ, ताप नाही. तरीही मी रक्त, लघवी, शौच आणि सोनोग्राफी अशा सर्व तपासण्या करविल्या. सर्व अहवाल निर्दोष आले. मी एक पातळ औषध लिहून दिले आणि आईला म्हणाले, ‘‘काही नाही, शाळा टाळण्याची नाटकं आहेत.’’ हे वाक्य मी त्या मुलाच्या देखत उच्चारले. त्याची खंत मला आजही आहे.

पुढच्या चाचणीला तो पुन्हा आला, या वेळी आजीबरोबर. आजींनी पिशवीतून त्याची हिंदी श्रुतलेखनाची वही काढली. दहापैकी सात गुण. चुकलेल्या तीन शब्दांपैकी दोन होते ‘पाणी’ आणि ‘राणी’. हिंदीत ‘पानी’ आणि ‘रानी’ हवे होते. आजी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरबाई, पोर घरी ऐकतं तेच लिहितं हो. पण हे तीन गुण गेले म्हणून त्याची आई दोन दिवस त्याच्याशी धड बोललेली नाही.’’ मी मुलाला विचारले, ‘‘बाळ, पोट केव्हा दुखतं?’’ तो म्हणाला, ‘‘रिक्षात बसलो की.’’ मग हळूच म्हणाला, ‘‘मावशी, मी नाटक नाही करत.’’

तो खरेच बोलत होता. १९५८ मध्ये ब्रिस्टल येथील डॉ. जॉन ॲप्ले आणि डॉ. नोरा नेश यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दहा मुलांमागे एकाला वारंवार पोटदुखी होत होती, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांत शारीरिक विकृती सापडली नाही. विकृती नाही म्हणजे वेदना नाही, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचे सतत दळणवळण चालू असते. मन धास्तावले की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणाऱ्या संवेदनाही दुखू लागतात. म्हणून ‘नाटक’ हा शब्द आपण, विशेषतः डॉक्टरांनी, कायमचा सोडून द्यावा.

याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. चाचणीचा आठवडा आहे म्हणून प्रत्येक पोटदुखी मनाचीच, असेही समजू नये. बेंबीपासून दूर, विशेषतः उजव्या बाजूस खाली दुखणे, झोपेतून उठवणारी वेदना, ताप, हिरवट उलटी, शौचातून रक्त, वजन घटणे किंवा वाढ खुंटणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुलाला त्वरित तपासून घ्यावे.

लहान मुलांवरील हा भार शासनदरबारी कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच बजावले होते, की दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचे ओझे अधिक जाचक असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नियमित परीक्षा आणली आणि अनुत्तीर्ण मुलांना त्याच इयत्तेत ठेवू देण्याची मुभा राज्यांना दिली. आपल्या मध्य प्रदेशात या दोन इयत्तांच्या बोर्ड पद्धतीच्या परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर ‘बोर्ड’ हा शब्द पडू लागला आहे. अशा वेळी पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा हा त्या दुरुस्तीचाच भाग आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याहून लहान मुलांबाबत, म्हणजे तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी, २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा औपचारिक चाचण्यांना सर्वथा अयोग्य ठरवतो.

मग चाचण्या नकोतच का? मला तसे वाटत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्याने शिकलेले अधिक काळ टिकते. त्यांचे प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले होते. पण घरी पाढे म्हणवून घेणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. चाचणी हे शिकण्याचे साधन आहे. ती मुलाची लायकी ठरवू लागली की बिघडते.

शाळांना फार काही करावे लागत नाही. चाचणी नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या बाईंसमोर व्हावी. प्रश्नपत्रिका देण्यापूर्वी पाणी पिण्यास आणि लघवीला जाण्यास वेळ द्यावा. त्या आठवड्यात वेगळा गृहपाठ नसावा. गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. तपासलेला पेपर मुलाबरोबर बसून पाहावा. ‘पाणी’ लिहिणाऱ्या मुलाला दोन भाषा येत आहेत, हे ओळखणारा शिक्षक त्याला आयुष्यभर आठवतो.

घरी काय करावे? सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी. पहाटे उठवून केलेली उजळणी झोपेची भरपाई करीत नाही. नाश्ता रोजचाच असावा. संध्याकाळी तासभर खेळ चाचणीच्या आठवड्यातही चालू ठेवावा. धडा मुलाला मराठीत आपल्या शब्दांत सांगू द्यावा. शाळेचे माध्यम हिंदी असो वा इंग्रजी, समजले आहे की नाही ते घरच्या भाषेत चटकन कळते. हातावर दहीसाखर जरूर ठेवावी. मात्र तिच्याबरोबर ‘पैकीच्या पैकी आण हं’ ही अट ठेवू नये. पोट दुखत असले तरी, तपासणीत काही आढळले नसल्यास, मुलाला धीर देऊन शाळेत पाठवावे. घरी ठेवले की भीती दुसऱ्या दिवशी वाढून येते.

हा उपदेश मी फार शहाणी होते म्हणून करीत नाही. त्याच काळात माझी मुलगी पहिलीत होती. दवाखान्यातून घरी आल्यावर माझा पहिला प्रश्न असे, ‘‘किती मिळाले?’’ त्या मुलाच्या आजी भेटून गेल्या, त्या संध्याकाळी मी प्रथमच विचारले, ‘‘आज डब्यातलं काय आवडलं?’’ ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग झोपेपर्यंत बोलत होती. गुणांचा विषय तिने स्वतःच काढला, सर्वांत शेवटी.

त्या मुलाला मी पुन्हा औषध दिले नाही. आईवडिलांना बोलावले आणि त्यांच्या देखत त्याला म्हणाले, ‘‘तुझं पोट खरंच दुखत होतं. माझं चुकलं.’’ त्याची आई रडली. त्यानंतर पोटदुखी एका दिवसात गेली नाही. कमी होत होत दोन-तीन चाचण्यांनंतर थांबली.

समाजातील पालकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या चाचणीच्या सोमवारी मूल घरी येईल, तेव्हा पेपर मागण्याआधी त्याला जवळ घ्यावे. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी तपासणीच्या चिठ्ठ्या लिहिण्यापूर्वी मुलाला एकदा विचारावे, ‘‘बाळ, पोट केव्हा दुखतं?’’