फुलांच्या रंगातून वीज : धंद्याच्या नजरेने

कापडावर रंग चढवणे सोपे, तो उन्हात टिकवणे कठीण, हे आपल्या रंगारी बांधवांना सांगायला नको. वनस्पतींच्या रंगातून वीज मिळवण्याच्या हुन्नराची अडचणही हीच आहे.

१९९१ साली स्वित्झर्लंडच्या लोझान येथील मायकेल ग्रेट्झेल व त्यांचे सहकारी ब्रायन ओरेगन यांनी रंगावर चालणारा सौरघट जगापुढे मांडला. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असते तीच टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी काचेवर बसवून रंगात भिजवतात. रंग ऊन शोषून इलेक्ट्रॉन भुकटीला देतो. आयोडीनचे द्रावण त्याची भरपाई करते.

त्यांच्या रंगात रुथेनियम हा महाग धातू होता. म्हणून जास्वंद, जांभूळ, डाळिंब यांचे रंग वापरून पाहिले गेले. तुरटीने कापडावर रंग धरावा तसे ते भुकटीला धरतात. पण विजेत रूपांतर होते ते साधारण १ टक्का उन्हाचे. बाजारातले सिलिकॉन पॅनेल २० टक्के देते. शिवाय फुलाचा रंग उन्हात उडतो.

तेव्हा कोणी अशा मालात भांडवल मागितले, तर दोनच प्रश्न विचारावेत : वीज किती, आणि टिकणार किती वर्षे? छपरावर आज सिलिकॉनच लावावे. मात्र हा रंग पक्का करण्याचा इलाज सापडला, तर रंगाऱ्याच्या विद्येला नवी बाजारपेठ मिळेल.